कापरेकर सर, ६१७४ आणि ७२ लाख अंकांची एक मूळ संख्या

जानेवारी २०२५ मध्ये एक फॉरवर्ड बहुतेक सगळ्यांच्याच व्हॉट्सॲपवर येऊन गेला. २०२५ चे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. आणि ४५ चा वर्ग पुन्हा २०२५. असं वर्ष यानंतर थेट ३०२५ मध्ये येणार (३० अधिक २५ म्हणजे ५५, आणि ५५ चा वर्ग ३०२५). गणित अगदी बरोबर होतं. पण मला आलेल्या तीन-चार फॉरवर्डपैकी एकातही त्या माणसाचं नाव नव्हतं, ज्याच्या नावाने अशा संख्या जगभर ओळखल्या जातात. ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या सगळ्या कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. विकिपीडिया उघडा, कोडिंगच्या सरावाच्या साइट उघडा, कुठल्याही देशातला मुलगा या नावाचा प्रोग्राम लिहिताना दिसेल. तो कापरेकर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीतले एक शाळामास्तर.

आजचा लेख त्यांच्यावर आहे. ६१७४ बद्दल तुम्ही कदाचित वाचलं असेल, त्यामुळे तो भाग मी थोडक्यात उरकणार आहे. मला जास्त सांगायचंय ते त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल. कारण त्याच वाटेने आपण ७२ लाखांपेक्षा जास्त अंक असलेल्या एका मूळ संख्येपर्यंत जाऊन पोहोचतो. शिवाय तुमच्या फोनमध्ये या क्षणी वापरात असलेली एक मूळ संख्याही आपण कापरेकरांच्या चाळणीत टाकून बघणार आहोत. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, नाहीतर फोनचा कॅल्क्युलेटर चालेल.

डहाणू ते देवळाली

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद इथे नको, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड करावीच लागते, आणि घरात सतत चाललेली ती आकडेमोड मुलाच्या अंगात मुरली. माध्यमिक शाळा ठाण्याला झाली. कोडी सोडवत तासन् तास बसायची सवय तिथलीच.

१९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले, सीनियर रँग्लर हा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं बक्षीस, तेही स्वतंत्र कामासाठी, ही त्या वयाच्या मुलासाठी मोठीच गोष्ट. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. आणि तिथे त्यांचं औपचारिक शिक्षण संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, कुठल्या विद्यापीठात नोकरी नाही. देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

म्हणजे तीसेक वर्षं दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात संख्या. स्वतःला ते दारूबाजाच्या पंगतीला बसवायचे: त्याला जशी दारू, तशा मला संख्या, एकदा लागली की सुटत नाही, अशा अर्थाचं ते सांगत. कॉलेजांमधून बोलावणी यायची, तिथे पोरांना त्यांचं बोलणं आवडायचं. पण गणिताच्या परिषदांमधलं चित्र वेगळं होतं. तिथे बडे प्राध्यापक मोठमोठे सिद्धांत मांडायचे, आणि हा साधा कोट घातलेला शाळामास्तर स्वतःच्या खर्चाने येऊन अंकांच्या गमती सांगायचा. अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. त्यामुळे त्यांचं बरंचसं लेखन लहान नियतकालिकांत आलं, किंवा त्यांनी स्वतः पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर पब्लिशर नाही, फंडिंग नाही, तरी माणूस रिलीज करत राहिला.

डेम्लो नावाचं स्टेशन

त्यांच्या कामाला नावं कशी पडली बघा. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून साधारण तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी त्यांना नाव दिलं डेम्लो संख्या. उदाहरणार्थ १६५: पहिला आणि शेवटचा अंक मिळवा, मधला येतो. ४७७७३ मध्येही तेच, ४ अधिक ३ म्हणजे ७. यावर के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांचा एक निबंध १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला.

डेम्लो संख्यांमधल्या सगळ्यात देखण्या म्हणजे नुसत्या एक-एक अंकांच्या संख्येचे वर्ग. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या वेळी हातचा येतो आणि नक्षी बिघडते. या नुसत्या एककांच्या संख्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. त्यातल्या कुठल्या मूळ आहेत हा तर अजून चालू असलेला शोध आहे. ११ मूळ आहे, मग थेट १९ वेळा १, मग २३ वेळा, मग ३१७ वेळा, मग १०३१ वेळा. या शेवटच्या संख्येची सिद्धता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेच कापरेकरांच्या मृत्यूचं वर्ष.

६१७४, पटकन

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. गाडीची नंबर प्लेट यासाठी मस्त. दौंडची एमएच ४२ असो की शिरूरची एमएच १२, शेवटचे चार अंक घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. शून्य आलं तर सोडू नका, तो अंक धरायचाच. आपण सरांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा करा, ६१७४ च येतं. लूपमध्ये अडकलो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येते, आणि १९०५ ला पूर्ण सात लागल्या. कापरेकरांनी १९४९ मध्ये हे जगासमोर मांडलं, पुढे स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आलं.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यात आवडणारी गोष्ट अशी. आपण काय करू? दहा हजार संख्यांवर लूप फिरवू, पाव सेकंदात उत्तर. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण जरा डोकं लावलं तर तो लागतही नाही. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे धरले तर वजाबाकी म्हणजे ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. असे फरकांचे वेगवेगळे जोड फक्त ५४ होतात. दहा हजारांचं काम ५४ वर आलं, वहीच्या दोन पानांत मावेल एवढं.

आणखी एक. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे सातचा घन. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणारी. इंग्रजी पुस्तकांत यांना निव्हेन संख्या असंही नाव सापडेल, ते १९७७ मधल्या आयव्हन निव्हेन यांच्या एका व्याख्यानावरून पडलं. पण हर्षद हे नाव टिकलं, आणि कोडिंगच्या मुलाखतीच्या तयारीत हर्षद नंबरचा प्रश्न आजही येतो. कित्येकांना तो शब्द संस्कृत आहे हे माहीत नसतं.

जंक्शन आणि बिनरेल्वेचं गाव

आता मुख्य विषयाकडे.

एक संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेऊ. ४ अधिक ७ म्हणजे ११, तर ४७ + ११ = ५८. पुढे ५८ + १३ = ७१. मग ७१ + ८ = ७९. मग ९५. अशी गाडी पुढे जातच राहते. ५८ ची जनक संख्या ४७, ७१ ची जनक ५८. प्रत्येक संख्येतून पुढे एकच रूळ निघतो. पण प्रत्येक संख्येत मागून किती रूळ येतात? कापरेकरांना हा प्रश्न पडला, आणि इथे खरी मजा आहे.

शिरूर-दौंड भागातल्या वाचकांना हे समजायला एक मिनिट लागणार नाही. दौंड जंक्शनला पुण्याकडून गाडी येते, सोलापूरकडून येते, मनमाडकडून येते, बारामतीहूनही येते. तशीच संख्या १०१. ९१ मध्ये १० मिळवा, १०१. १०० मध्ये १ मिळवा, तरी १०१. दोन वेगळ्या वाटा एकाच जागी मिळाल्या. अशा संख्यांना कापरेकरांनी जंक्शन असंच नाव दिलं, आणि १०१ हे सगळ्यात लहान जंक्शन आहे. ती मूळ संख्याही आहे. तीन वाटा मिळणारं सगळ्यात लहान जंक्शन मात्र फार लांब आहे: १ च्या मागे बारा शून्यं आणि मग पुन्हा १, म्हणजे १००००००००००००१. तिचे तीन जनक ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १००००००००००००० हे आहेत. पडताळून बघा. मधल्या संख्येत अकरा वेळा ९ आहे आणि शेवटी ०१, अंकांची बेरीज बरोबर १००. ही संख्याही कापरेकरांच्याच शोधातली. एवढ्या लांब जाऊन नेमकं हे स्टेशन शोधायला आधी रूळ कसे वळतात ते पक्कं कळावं लागतं, नुसतं चालत जाऊन ते कधीच लागणार नाही.

आता उलट. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, रेल्वे नाही. आजही एसटी किंवा स्वतःची गाडी. संख्यांमध्येही अशी गावं आहेत जिथे मागून एकही रूळ येत नाही. २० घ्या. कुठल्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली तर २० येईल? १० मधून ११, ११ मधून १३, १२ मधून १५, १३ मधून १७, १४ मधून १९, १५ मधून २१. वीसच्या वरून उडी गेली. एक ते नऊमधूनही जमत नाही, तिथे दुप्पट होऊन जास्तीत जास्त १८. आणि १६ पासून पुढे सगळे २१ च्या वर. म्हणजे २० ला जनकच नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. देवळातल्या स्वयंभू मूर्तीसारखं: कुणी घडवली नाही, आपोआप प्रकटली. शंभरपर्यंत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊच्या पुढे ११ ची उडी दिसतेय ना? ती ९ ते २० आणि मग पुढे ९७ पर्यंत चालते, पण म्हणून कायम चालेल असं समजू नका. १०८ नंतर ११० स्वयंभू आहे, नक्षी तिथे मोडते. आणि या संख्या कधी संपत नाहीत, अनंत आहेत.

यावर त्यांनी १९६३ मध्ये देवळालीहून स्वतः पुस्तिका छापली. १९६३ हा आकडा स्वतः स्वयंभू आहे, त्याला जनक नाही. आपल्या शतकातली अशी वर्षं बघायची तर २००७ आणि २०२२ होऊन गेली, पुढचं २०३३. आणि २०२५? त्याचा एक जनक आहे १९९८. सत्तावीस मिळवा.

परदेशात याच संख्यांना कोलंबियन संख्या असंही म्हणतात, कारण कोलंबियाच्या बर्नार्दो रेकामान यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेच्या गणित मासिकात हेच कोडं घातलं. देवळालीत छापलेली पुस्तिका बोगोटापर्यंत पोहोचायची काही सोय तेव्हा नव्हती. तेव्हा गिटहब असतं तर, हा विचार माझ्या मनात येतोच.

तुमच्या फोनमधली मूळ संख्या

व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्ट होतात तेव्हा त्यामागे कर्व्ह २५५१९ नावाची एक रचना असते. ते नाव एका मूळ संख्येवरून आलंय: २ चा २५५ वा घात, वजा १९. सत्त्याहत्तर अंकी मूळ संख्या. पूर्ण लिहिली तर सुरुवात ५७८९६०४४६१८६… अशी होते आणि शेवट …५६४८१९९४९ असा. मेसेज पाठवताना तुमचा फोन याच संख्येच्या हिशोबात गणित करत असतो. मला प्रश्न पडला, ही स्वयंभू आहे का?

भीती वाटते, कारण ७७ अंक. मागच्या सगळ्या संख्या तपासायच्या म्हणजे विश्व संपेल. पण तसं करायचं नाही. सत्त्याहत्तर अंकांची बेरीज फार तर ७७ गुणिले ९, म्हणजे ६९३. म्हणजे जनक असलाच तर तो मागच्या ६९३ घरांतच राहतो. संख्येचे शेवटचे चार अंक ९९४९, त्यातून ६९३ पर्यंत काहीही वजा केलं तरी डावीकडच्या ७३ अंकांना धक्का लागत नाही. त्या ७३ अंकांची बेरीज मी केली, ३४५ येते. शेवटच्या चार अंकांची बेरीज शून्य ते ३६ यांच्यामध्ये. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज ३४५ ते ३८१ एवढ्यातच असणार. ६९३ वरून ३७ वर आलो.

अजून एक कात्री आहे, शाळेतलीच. कुठल्याही संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागल्यावर उरते. म्हणजे जनक अधिक त्याची बेरीज, यात बाकी दुप्पट होते. आपल्या संख्येची बाकी ७ आहे. दुप्पट करून ९ ने भागल्यावर ७ उरायला हवेत, तर मूळ बाकी ८ हवी (आठ दुणे सोळा, सोळा वजा नऊ सात). ३४५ ते ३८१ मध्ये बाकी ८ असलेले आकडे फक्त चार: ३५०, ३५९, ३६८, ३७७.

चारही बघू. ९९४९ मधून ३५० गेले, ९५९९, बेरीज ३२, एकूण ३७७. हवे होते ३५०, गेलं. ३५९ काढले तर ९५९०, बेरीज २३, एकूण ३६८. गेलं. ३६८ काढले तर ९५८१, बेरीज २३, एकूण ३६८. जमलं! म्हणजे शेवटी ९४९ ऐवजी ५८१ असलेली तिची शेजारीण तिची जनक आहे. (चौथा आकडा जमत नाही, तुम्ही करून बघा. तो जमला असता तर हे जंक्शन झालं असतं.) तर व्हॉट्सॲपची मूळ संख्या स्वयंभू नाही. सुरक्षेवर याचा काडीचाही परिणाम होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या याचाच फॉरवर्ड फिरेल.

आता खरी मोठी. मर्सेन मूळ संख्या म्हणजे २ चा कुठला तरी घात वजा १ या रूपातल्या मूळ संख्या. जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर जोडून त्या शोधतात, त्या प्रकल्पाला गिंप्स म्हणतात. मे २००४ मध्ये जॉश फिंडली यांच्या कॉम्प्युटरवर अशी ४१ वी संख्या सापडली: २ चा २,४०,३६,५८३ वा घात वजा १. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबॉडी या गणितज्ञाने दाखवलं की ही संख्या स्वयंभू आहे. त्या वेळी माहीत असलेल्या मर्सेन मूळ संख्यांपैकी स्वयंभू असलेली ती सगळ्यात मोठी, आणि तेव्हा माहीत असलेली सगळ्यात मोठी स्वयंभू मूळ संख्याही तीच. २००४ नंतर तोपर्यंत सापडलेल्या याहून मोठ्या मर्सेन संख्या या चाळणीत टिकल्या नाहीत.

रीत आपण आत्ता वापरली तीच लागू पडते. ७२ लाख अंकांची बेरीज फार तर साडेसहा कोटी. म्हणजे हालचाल शेवटच्या आठ अंकांत, फार तर वरून एक हातचा. नऊच्या बाकीची कात्री लावली की तपासायला जेमतेम पंधरा-वीस उमेदवार उरतात. अवघड भाग एकच, ती संख्या दशमान पद्धतीत पूर्ण लिहून काढणं. योग्य लायब्ररी वापरली तर आजच्या लॅपटॉपला काही सेकंद पुरतात.

पण याचा उपयोग काय?

हा प्रश्न कापरेकरांना आयुष्यभर ऐकावा लागला, आणि प्रश्न विचारणारे सगळेच मूर्ख नव्हते. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी यांनी १९४० च्या त्यांच्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. ८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, अंक उलटे केलेले. ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट, तेच. हार्डींचं मत असं की ही कोडी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला शोभतील, गणितज्ञाला त्यात काही नाही.

यातलं खरं किती ते नीट बघू. ३१ कांदे घ्या. सारख्या रांगांमध्ये मांडता येणार नाहीत, एकच लांब रांग होईल. तुम्ही तो आकडा मराठीत लिहा, रोमनमध्ये लिहा, शून्य आणि एकमध्ये लिहा, कांद्यांना फरक पडत नाही. मूळ असणं हा संख्येचा गुण आहे. स्वयंभू असणं हा मात्र आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपल्याला दहाऐवजी आठ बोटं असती तर स्वयंभू संख्यांची यादी वेगळी झाली असती. एवढ्यापुरतं हार्डींचं बरोबर.

पण मग कॉम्प्युटर शास्त्र कशावर चालतं? संख्या कशी लिहिलीय यावरच. चेकसम, बारकोड, आधार क्रमांकाचा शेवटचा तपासणी अंक, हे सगळे अंकांशी खेळ आहेत. आणि फिंडलींची ती ७२ लाख अंकांची संख्या द्विमान पद्धतीत लिहा: दोन कोटी चाळीस लाख छत्तीस हजार पाचशे त्र्याऐंशी वेळा १, दुसरं काही नाही. डेम्लो स्टेशनातल्या संख्यांची मोठी बहीणच. नुसते एक असलेली संख्या कधी मूळ होते, हा प्रश्न हार्डींनाही हलका वाटला नसता. मला वाटतं कापरेकर आणि हार्डी यांच्यामधली भिंत लोक समजतात तितकी जाड नाही. तरीही कापरेकरांचं काम रामानुजनच्या पंक्तीत बसवणारे लेख आपल्याकडे निघतात, ते मला पटत नाही. दोघांचं गणित वेगळ्या जातीचं आहे, आणि कापरेकरांना मोठं ठरवायला त्या तुलनेची गरजही नाही.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. संख्यांचं काम त्यातही चालूच. आणि मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. त्या सदराचे वाचक जगभर होते, गणितज्ञ, प्रोग्रामर, कोडी सोडवणारे सगळे. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे. ज्या स्वयंभू संख्या देवळालीच्या पुस्तिकेत पडून होत्या, त्यांच्यावर परदेशात निबंध यायला लागले. १९८६ मध्ये ते गेले. त्या वर्षाचा जनक १९६५, आणि जन्मवर्ष १९०५ चा जनक १८८४. दोन्हीकडे मिळवायचे आकडे एकच, २१.

ज्यांना कोड लिहिता येतं त्यांच्यासाठी एक काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी क्लाउडवरचे ग्राफिक्स प्रोसेसर वापरून आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी मूळ संख्या शोधली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, एकूण ४,१०,२४,३२० अंक. तिच्या जनकाच्या अंकांची बेरीज ३६ कोटी ९२ लाख १८ हजार ८८० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे शेवटचे नऊ अंक आणि एक हातचा बघायचा. संख्येची नऊची बाकी ४, त्यामुळे जनकाची बाकी २ असायला हवी. उमेदवार वीसच्या आसपासच उरतील. फोनवर चालवू नका, तापेल. लॅपटॉपवर चालवा.